शाळा लांबचीच बघा

मुलाला शाळेत घालायचं ठरवलं असेल तर आधी सोसायटीच्या गेटबाहेर उभं राहून चारी दिशांना नजर टाका. जी शाळा दिसेल ती बाद. घंटा घरात ऐकू येते अशा शाळेत मूल घातलं तर लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवणार? "समोरच घातलंय" म्हटल्यावर शेजारी ज्या कणवेनं बघतात, ती मी एक वर्ष सोसली आहे. दुसऱ्या वर्षी नाव काढलं.

2009 चा शिक्षणहक्क कायदा आला आणि त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीनच्या आत असावी, असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांना ठाण्याचा घोडबंदर रोड दाखवायचा राहिला असणार. एका किलोमीटरात मूल बघणार काय, घडणार काय? तुम्ही कासारवडवलीत राहत असाल तर शाळा नौपाड्यात बघा. नौपाड्यात राहत असाल तर घोडबंदरला. माजिवड्याला दोन्हीकडच्या बस मेट्रोच्या खांबांच्या अल्याडपल्याड उभ्या राहतात, आणि जूनमध्ये प्रवेश घेतलेली मुलं दिवाळीपर्यंत खिडकीतून एकमेकांना हात करायला लागतात. ओळखी अशाच वाढतात.

बस सहा दहाला येते. म्हणजे मूल पाच वीसला उठवायचं, खरं तर उभं करायचं. आमचे चिरंजीव ब्रश तोंडात धरून भिंतीला टेकून झोपतात. फेस हनुवटीवरून युनिफॉर्मच्या बटणावर पडला की जागे होतात. पोळीचा रोल हातात कोंबायचा, एक बूट लिफ्टमध्ये चढवायचा. खाली बसकाका हॉर्न देतात, मावशी मुलाला बखोटीला धरून आत ओढतात, आणि वॉटरबॅग आपल्याच खांद्यावर राहिलेली असते.

1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी 34 किलोमीटर तोडून तास-सव्वा तासात ठाण्याला पोचली. ठाणेकर म्हणून तुम्हाला या इतिहासाचा अभिमान असेल, तर तुमच्या मुलालाही शाळेत पोचायला तेवढाच वेळ लागला पाहिजे. अंतर अकरा किलोमीटर आहे, ही किरकोळ बाब.

2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, कारण मुलांची झोप पुरी होत नाही म्हणे. बसमध्ये होते की!

काही घरांना नाइलाजाने जवळचीच शाळा घ्यावी लागते. त्यांनीही खचून जाऊ नये. सहाशे मीटरसाठी गाडी काढा. मध्ये दुभाजक आहे, तेव्हा पुलाखालून यू-टर्न घेतला की तीन किलोमीटर सहज भरतात. गेटसमोर दुसऱ्या रांगेत गाडी लावून "दोनच मिनिटं" म्हणा. पुढची गाडीही दोनच मिनिटांसाठी आलेली असते, तिच्या पुढचीही. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं धोरण आहे. ते बाबांनी उचलावं, बाबा ऐंशी किलोचे आहेत.

फक्त चालवत नेऊ नका. चालायला लागलं की मूल रस्त्यात थांबतं, कुत्र्याशी बोलतं, गटाराच्या झाकणांवर उड्या मारतं आणि तरीही वेळेवर पोचतं. अशी सवय लागणं बरं नाही.

आमच्या कामाच्या मावशींची नात अशीच बिघडली आहे. महापालिकेच्या शाळेत चालत जाते. साडेबाराला सुटते, एकच्या आत जेवून हात धुतलेले असतात, मग वेळच वेळ. परवा अडीचला चिरंजीव बसमधून उतरले तेव्हा ती गेटपाशी खडूने चौकोन आखून लंगडी घालत होती.

"मी पण खेळू?" चिरंजीवांनी विचारलं.

"आधी कपडे बदल," मी म्हटलं, "साडेतीनला अबॅकसची व्हॅन येईल."

क्लास नौपाड्यात आहे. शाळेच्या मागच्याच गल्लीत.