लायनर टाकला की हौदा गंजत नाही म्हणे, त्यावर एकेक मुद्दा

ठाणे, कळवा, तुर्भे, सगळीकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आणि मे महिना आला की तो परत वर येतो कारण पावसाळ्याआधी सगळ्यांना आपापल्या हौद्याची, म्हणजे गाडीमागच्या माल भरायच्या भागाची, आठवण होते. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवीन पिकअप घेतली की लगेच प्लॅस्टिकचा रेडिमेड लायनर, म्हणजे हौद्याच्या आतलं अस्तर, बसवा, हौदा आयुष्यभर गंजत नाही. स्प्रे लायनर म्हणजे नुसता काळा रंग, घरी रोलरने तेच काम होतं. रबर मॅट कामाची नाही. जेवढं जाड तेवढं चांगलं, जमलं तर लोखंडी चेकर प्लेटच, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, वेल्ड करून घ्या. आणि आधीच गंज धरला असेल तर वरून लायनर टाका, हवा बंद झाली की गंज आतच मरतो.

हे वाचून माणसं खर्च करतायत, आणि गाडी म्हणजे त्यांच्या घरची चूल आहे, म्हणून मला हे सोडवत नाही.

सगळ्यात आधी ते "आयुष्यभर गंजत नाही". रेडिमेड लायनर म्हणजे एचडीपीई प्लॅस्टिकचा साच्यात काढलेला मोठा ट्रे. तो हौद्यात नुसता बसतो, पत्र्याला चिकटत नाही. त्याचं खरं काम मार खाणं, क्रेट आपटला, गॅसची शेगडी ओढली, पाइप घासला तर ओरखडा प्लॅस्टिकवर जातो आणि पत्र्याला पोचा कमी पडतो. हे काम तो चांगलं करतो, त्यात वाद नाही. पण गंज पोच्याने येत नाही, गंज येतो पाणी आणि हवा उघड्या लोखंडाला लागली की. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी काय असतं ते घोडबंदर रोडला उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको, वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस इथे पडतो. ते पाणी लायनरच्या कडेने आत उतरतं आणि खाली साचतं, वरून ऊन लागत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे ते सुकतच नाही. त्यात गाडी चालली की लायनर हलतो, सारखा थोडा थोडा, आणि त्याच्याखाली गेलेली रेती पॉलिश पेपरसारखी रंगावर घासत राहते. म्हणजे कंपनीने दिलेला रंग, जो खरा पहिला बचाव आहे, तोच खालून उडतो आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं.

एपीएमसीच्या घाऊक कांदा-बटाटा मार्केटला चालणाऱ्या एका गाडीचा लायनर काढताना मी बघितलाय. फाळका खाली पाडला, बोल्ट सोडले, दोघांनी धरून ट्रे उचलला तर खाली कांद्याच्या सालींचा लगदा झालेला, माती, सुतळीचे तुकडे, आणि पुढच्या कोपऱ्यातलं पाणी जायचं भोक त्याच लगद्याने बंद. ड्रिल मारून बोल्ट लावलेल्या प्रत्येक जागेभोवती चहाच्या बशीएवढं तांबूस वर्तुळ होतं आणि एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. वरून ती गाडी नवी वाटत होती हो. मालकाची चूक एवढीच की "टाका आणि विसरा" हे त्याने खरं मानलं.

म्हणून ज्यांच्या गाडीत आधीच प्लॅस्टिकचा लायनर आहे त्यांनी तो फेकून द्यायची काही गरज नाही, पण तो पावसाआधी एकदा आणि पावसात दर महिन्याला काढा, हौदा पाण्याने धुवा, भोकं तारेने मोकळी करा, पूर्ण सुकू द्या आणि मग बसवा. जिथे लायनर पत्र्याला टेकतो तिथे फोमची नाहीतर रबराची पट्टी चिकटवा. ड्रिल मारलं असेल तर भोकाच्या कडेला प्रायमर, रंग आणि रबरी वायसर पाहिजेच. आणि ड्रिल मारायच्या आधी कंपनीचं वॉरंटीचं पुस्तक उघडून बघा, पत्र्याला भोक पाडलं की गंजाच्या वॉरंटीवर वाद घालायला कंपनीला कारण मिळतं.

आता तो शेवटचा मुद्दा इथेच घेतो कारण तो याच्याशीच जोडलेला आहे, "हवा बंद झाली की गंज मरतो". हे सगळ्यात घातक आहे. लायनरखाली हवा बंद होत नाही, कमी होते, आणि लोखंडाच्या बाबतीत एकाच ओल्या पत्र्यावर एका जागी हवा भरपूर आणि दुसऱ्या जागी कमी असेल तर झिजते ती कमी हवेची जागा. म्हणूनच जोड, फटी, वायसरखालची जागा आधी जाते, मधला उघडा पत्रा नाही. स्प्रेचंही तेच, गंजावर मारलेला कोट पत्र्याला धरत नाही, गंजाच्या पापुद्र्याला धरतो, आणि पापुद्रा सुटला की कोट फुग्यासारखा वर येतो. गंज असेल तर आधी वायर ब्रश नाहीतर ग्राइंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, खोलगट खड्ड्यात उरलेल्याला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं रसायन, लावा, पत्रा कागदासारखा झाला असेल तर कापून नवा तुकडा वेल्ड करा, प्रायमर मारा, आणि मग कुठला लायनर ते ठरवा. याला शॉर्टकट नाही.

स्प्रे म्हणजे नुसता काळा रंग? नाही. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो, चांगला स्प्रे लायनर दोन-तीन मिलिमीटरचा बसतो. तो पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन या चिवट प्लॅस्टिकचा असतो, दोन घटक मशीनमध्ये गरम करून जोरदार प्रेशरने नोझलपाशी एकत्र होतात, पॉलियुरिया तर काही सेकंदात घट्ट होतो. तो पत्र्याला चिकटून बसतो त्यामुळे खाली पाणी जायला जागाच राहत नाही, रेडिमेडपेक्षा मोठा फरक तो हाच. रोलरने लावायचा डब्यातला माल वेगळा असतो, थर पातळ बसतो, बराचसा हातावर अवलंबून असतो. घरच्या वापराची गाडी असेल, सुट्टीत शेतावर जायला डी-मॅक्स किंवा हायलक्स असेल तर रोलरवालाही मन लावून केला तर बरा टिकतो, पण रोज तुर्भ्याहून माल भरणाऱ्या बोलेरो पिकअपला दोन्ही सारखेच म्हणणं चुकीचं आहे.

मेसेजवाल्याचा राग कुठून आलाय ते मात्र मला कळतं, कारण स्प्रेच्या नावाखाली खरोखर काळा रंग मारणारे आहेत. तेव्हा दुकानात जाऊन नुसता भाव विचारू नका. माल पॉलियुरिया आहे की पॉलियुरेथेन ते विचारा. कंपनीचा रंग किती घासणार ते विचारा, चकचकीत रंगावर थेट मारला तर सोलून निघतो, घासकाम हाच अर्धा जॉब आहे. थर किती मिलिमीटर आणि तो गेजने मोजून दाखवणार का. पाणी जायची भोकं आणि हुक झाकून मग मारणार का. उन्हासाठी वरून वेगळा कोट आहे का, कारण स्वस्त प्रकारातला काळा उन्हात राखाडी पडतो आणि खडूसारखा हाताला लागतो. आणि एक गोष्ट बघाच, मारणाऱ्या पोराच्या तोंडावर काय आहे. या मालात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा कायमचा लागू शकतो, रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून ते थांबत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. जिथे पोराला तो दिलेला नाही तिथे गाडी देऊ नका, एवढी विनंती आहे.

रबर मॅटवरचा आरोप अर्धा खरा. टायरच्या चुऱ्यापासून केलेली स्वस्त मॅट फाटते, कोपरे वळतात. पण आत कापडाचा किंवा नायलॉनचा थर असलेली जाड मॅट चांगली चालते, काहीजण गोठ्यात गाईंखाली घालतात ती मॅट कापून वापरतात आणि तीही टिकते. मॅटखालीही पाणी साचतंच, फक्त ती गुंडाळून बाहेर टाकायला पाच मिनिटं लागतात म्हणून लोक ती खरंच काढतात, बोल्ट मारलेला ट्रे कोण रोज काढणार. शिवाय घसरण. ओलं प्लॅस्टिक भयंकर निसरडं असतं, घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर ब्रेक मारला की क्रेट सरळ केबिनवर येऊन आदळतात, आणि पावसात पाठीवर गोणी घेऊन हौद्यात चढणाऱ्या माथाडी काकांचा पाय सरकला तर काय होईल त्याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. रबरावर माल जागेवर राहतो. रबराची अडचण दोनच, तेल-डिझेल सांडलं की ते फुगतं, म्हणून रबाळ्या-महापेच्या कारखान्यांतून ऑइलचे ड्रम नेणाऱ्यांनी ते घेऊ नये, आणि मासळीचा वास रबर सोडत नाही. दिवाळे गावाला किंवा भाऊच्या धक्क्याला मासळी भरत असाल तर बर्फाचं खारं पाणी सतत गळणार, तिथे स्प्रेच, फटीच नकोत, आणि रोज गोड्या पाण्याने धुणं.

"जेवढं जाड तेवढं चांगलं" याचा हिशोब करू. नऊ फूट बाय साडेपाच फूट हौदा म्हणजे साधारण ४.६ चौरस मीटर. ३ मिलिमीटर लोखंड चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं, म्हणजे प्लेट १०८ किलोच्या आसपास, नक्षीचं वजन वेगळं. कांद्याच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या तुम्ही प्रत्येक फेरीला फुकट वाहणार, डिझेल तुमचं. आणि काट्यावर गाडी ओव्हरलोड निघाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० लागतात, तिथे "साहेब ती प्लेट आहे" हे चालत नाही. वेल्डिंगने प्लेटखालचा रंग जळतो ते वेगळंच, मग दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की कुणाला दिसणारही नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया-अँगल भरणारे, डेबरी (बांधकामाचा राडारोडा) आणि खडी वाहणारे, त्यांना प्लेट लागते हे मान्य, तिथे स्प्रेही फाटेल. पण त्यांनीही ती बोल्टवर घ्यावी, खालून आधी दोन हात प्रायमर-रंग मारून, म्हणजे कधीतरी उघडता येते. ॲल्युमिनियमची हलकी प्लेट घेणाऱ्यांनी मध्ये रबर टाकावं, खाऱ्या पाण्यात लोखंडाला चिकटलेलं ॲल्युमिनियम लवकर झिजतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच आणि ती असायला हवी होती. प्लॅस्टिकच्या लायनरवर लोखंडी डबा ठेवून त्यात पंपावर पेट्रोल भरू नका. पेट्रोल वाहताना स्टॅटिक चार्ज तयार होतो, डबा जमिनीवर असेल तर तो जमिनीत जातो, प्लॅस्टिकवर असेल तर डब्यातच साठतो आणि नोझलजवळ ठिणगी पडते. अमेरिकेत १९९०च्या दशकात असे पेट घेतलेले प्रकार झाले आणि तिथल्या कामगार सुरक्षेच्या संस्थेने यावर खास इशारा काढला. जनरेटरसाठी, गवत कापायच्या मशीनसाठी डबा घेऊन जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. डबा खाली जमिनीवर ठेवा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून ठेवा, मग भरा.

आणि ज्यांनी स्प्रेच करायचं ठरवलंय त्यांनी आता घाई करू नका. जुलैत ठाण्याची हवा एवढी दमट असते की हात लावला तरी पत्रा ओलसर लागतो, अशा पत्र्यावर माल धरत नाही आणि पॉलियुरेथेनमध्ये ओल शिरली की गॅस तयार होऊन बारीक बुडबुडे पडतात, वरून दिसत नाहीत पण तिथूनच पाणी आत जातं. "पावसाळी ऑफर" कितीही चांगली असू दे. मेच्या अखेरपर्यंत नंबर लागत असेल तर ठीक, नाहीतर पावसाचे चार महिने जाड मॅट टाकून दर रविवारी उचलून धुवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात हौदा दोन-तीन दिवस उघडा वाळवून मग गाडी दुकानात न्या.