आजारी कोंबडीवर औषधांचा मारा थांबवा

कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली की घरात असेल ते सगळं पाण्यात पडतं. अँटिबायोटिक, रक्ती हगवणीची पावडर, जंतनाशक, वर व्हिटॅमिनचं टॉनिक. हे उपचार नव्हेत, आणि हे मी भांडून सांगेन.

रक्ती हगवणीचंच बघा. ती आतड्यातल्या परजीवीमुळे होते, आणि तिच्या पावडरीतलं अँप्रोलियम हे औषध त्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. त्याच पाण्यात बी-१ असलेलं बी-कॉम्प्लेक्स घातलं तर औषधाचं काम आपणच मोडतो. मग 'गुण येत नाही' म्हणून पावडर वाढते. खरी मात्रा अशी: २० टक्केवाली पावडर लिटरभर पाण्याला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, त्यानंतर ०.३ ग्रॅम, आठवडा-दोन आठवडे. चहाचा चमचा भरून टाकला तर सहज तिप्पट होते. जास्त मात्रा बरेच दिवस गेली की खुद्द कोंबडीलाच बी-१ कमी पडतं: मान मागे वळते, पाय लुळे पडतात. लोकांना वाटतं मानमोडी (राणीखेत) आली, आणि आणखी एक औषध सुरू होतं! टॉनिक द्यायचंच तर कोर्स संपल्यावर द्या.

टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसोबत शिंपल्याची भुकटी किंवा कॅल्शियम दिलं तर दोन्ही एकमेकांना बांधून घेतात, औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. खरी मानमोडी विषाणूची. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मूत्रपिंडांची. पाणी न पिणाऱ्या पक्ष्याला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किंवा माणसांची वेदनाशामकं दिली की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, युरिक ॲसिड साठतं आणि हृदयावर-यकृतावर खडूसारखा पांढरा थर बसतो. तिथून पक्षी सहसा परतत नाही.

पाण्यातल्या औषधाची आणखी एक अडचण. उन्हाळ्यात धडधाकट कोंबडी दुप्पट पाणी पिते, आजारी चोचसुद्धा बुडवत नाही. म्हणजे औषध नको तिला जास्त, हवं तिला कमी. म्हणून आजारी पक्षी वेगळा काढा, ऊब द्या, काट्यावर वजन करा, विष्ठा पाहा. ताजी विष्ठा पशुवैद्याकडे तपासायला न्या. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ती हगवणीचे परजीवी आणि जंतांची अंडी दिसतात. मग एकच औषध, वजनाप्रमाणे, ठरलेले दिवस. सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहून ठेवा, कारण औषध बंद केल्यावरही लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत.