काखेत किल्ली

माझ्या प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ गडी, होते आणि आठहीजण एकाच सर्व्हरचा पत्ता वेगवेगळा विचारत होते. लिबकर्ल या फाईली उतरवून देणाऱ्या लायब्ररीत प्रत्येक हँडलची (एकेका गड्याच्या खात्याची म्हणा) डीएनएसची, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यांची, वही आपापली, आणि तीही आपण काही बदललं नाही तर ६० सेकंद जुनं लिहिलेलं विसरणारी. म्हटलं, सगळ्यांत मिळून एकच वही ठेवू. त्यासाठी शेअर हँडल आहेच.

पण वही सामायिक झाली की भांडणं आलीच. अशा वेळी कर्ल अंग काढून घेतं. म्हणतं, "कुलूप तुमचं, किल्ली तुमची. मी फक्त हाक मारणार." म्हणून त्याला दोन कॉलबॅक (त्याने हाक मारली की धावणारी आपली फंक्शन्स) द्यायचे, एक लॉकचा आणि एक अनलॉकचा. (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचीही २०१६ साली १.१.० येईपर्यंत हीच तऱ्हा होती. आमचे सीनियर ते दिवस दुष्काळाच्या आठवणींसारखे सांगतात.)

लॉकचा कॉलबॅक झोकात लिहिला. अनलॉकचा काय, जवळपास तसाच. कॉपी-पेस्ट केला आणि चालवला.

सगळं शांत. एकही फाईल उतरेना, एरर नाही, क्रॅश नाही. सीपीयू शून्यावर, पंखासुद्धा बंद. आठही थ्रेड रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे म्यूटेक्सपाशी, म्हणजे त्या कुलपापाशी, उभे, आणि दुकानाचं शटर खाली.

मग माहितीपत्रक उघडलं. (आधी चालवायचं आणि मग वाचायचं, ही आमची परंपरा.) त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की डेटाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं कुलूप हवं. मी सगळ्यांना मिळून एकच लावलं होतं! सापडला चोर. म्यूटेक्सचा अ‍ॅरे केला, चहा प्यालो, चालवलं.

पुन्हा शांत.

जीडीबी हा डीबगर लावून दोन तास प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, म्हणजे तो कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय ते, बघत बसलो. सातजण एकाची वाट बघत होते आणि तो एक स्वतःचीच. काखेत कळसा, गावाला वळसा. म्यूटेक्सला शिव्या घातल्या, लायनक्सला घातल्या, कंपायलरलाही सोडलं नाही.

मागून आमचा इंटर्न हळूच म्हणाला, "सर, एक शंका होती."

"बोल."

"अनलॉकच्या फंक्शनमध्येपण आपण लॉकच करतोय ना?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. त्यात बराच वेळ काढता येतो.

"शाब्बास," मी म्हणालो, "तुझ्या कधी लक्षात येतंय तेच बघत होतो."