गणपतीला शेंगदाणा

मी चिंचवडचा. मोरया गोसावींच्या गावचा. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि नवव्या वर्षापासून उकडीच्या मोदकाला कळ्या पाडायचं काम माझ्याकडे होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण गेल्या गुरुवारी, ओहायोतल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या तळघरात, साठेक माणसांच्या देखत, गणपतीला काय दिलं या साध्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं.

प्रश्नमंजूषा होती ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेवर. ऑफिसातल्या तिघांना चौथा भिडू हवा होता. ‘तुझी मदत होईल’ म्हणाले. कसली मदत, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अमेरिकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी कळतं आपण कशासाठी हवे आहोत. मालिकेत अपू नावाचा एक भारतीय दुकानदार आहे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, दुकानदार नाही. पण एवढा बारीक फरक कोण करत बसतो!

तर अकरावा प्रश्न आला : होमर सिम्पसन अपूच्या दुकानातल्या गणेशाच्या मूर्तीला काय देऊ करतो? तिघांनी एकही शब्द न बोलता कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. त्या सरकवण्यात इतका विश्वास होता की मला भरून आलं. मी ठळक अक्षरांत ‘मोदक’ लिहिलं. ‘उकडीचा’ असंही जोडणार होतो, पण वेळ संपली.

बरोबर उत्तर : शेंगदाणा.

तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. पण प्रश्न विचारणाऱ्या बाईंना चुकीची उत्तरं मोठ्याने वाचायची हौस. ‘टेबल क्रमांक सहा म्हणतंय... मो-डॅक? हे पोटदुखीचं औषध आहे का?’ तळघर हसलं. आमच्या टेबलावरचे दोघंही हसले. तिसऱ्याने माझ्या पाठीवर थोपटलं, ते जास्त लागलं. शेवटी एका गुणाने आमचं पंचवीस डॉलरचं पिझ्झाचं कूपन गेलं.

भाग १९९२ सालचा आहे. होमर चर्चला दांडी मारतो आणि फिरतफिरत अपूच्या दुकानात जातो. तिथे गणपती बघून ‘शेंगदाणा हवा का?’ विचारतो. अपू म्हणतो, कृपा करून माझ्या देवाला शेंगदाणा देऊ नका. विनोद काय, तर सोंड दिसली की शेंगदाणा. सर्कशीत हत्तीला टाकतात तसा. उत्तर शोधायला होमरसारखा विचार करायला हवा होता. मी अपूसारखा केला. पण मला घेतलं होतं ते त्याचसाठी ना!

आता ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पिवळ्या कातडीचं एक कुटुंब, बाप होमर अणुवीज केंद्रात कामाला, गावाचं नाव स्प्रिंगफील्ड. १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झाली ती अजून चालू आहे, साडेसातशेच्या वर भाग झाले. लिहिणाऱ्यांत गणितात पदव्या घेतलेले लोक होते. दुकानाची पाटी, फळ्यावरचं गणित, वर्तमानपत्राचा मथळा असं काहीबाही ते मागे ठेवून द्यायचे आणि ते डोळ्यांसमोरून सेकंदभरात निघून जायचं. लोक व्हिडिओ थांबवून ते वाचायचे. अजून वाचतात. ज्ञानेश्वरीच्या एका ओवीवर चार टीका असतात, तसं इथे एका पाटीवर चार पंथ आहेत.

त्यातल्या एका पंथाचे प्रमुख मला कॉफीच्या यंत्रापाशी भेटले.

सत्तरीचे असतील. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, हे त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं. टी-शर्ट पँटीत खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड वही. मी त्यांना मनातल्या मनात बुवा म्हणायला लागलो, कारण त्यांनी जे सुरू केलं ते निरूपणच होतं. फक्त मागे झांजा नव्हत्या.

‘तुम्हीच ना ते मोडॅकवाले?’

‘मोदक.’

‘तुमच्याकडे हे आडनाव सर्रास असेल, नाही?’

‘मोदक? नाही हो, तो खायचा...’

‘ते नाही. अपूचं. नहासपीमापेटिलॉन.’

‘नाही. असं आडनावच नाही आमच्यात.’

‘दक्षिणेकडे?’

‘तिकडेही नाही.’

बुवांनी कॉफीत साखरेची दुसरी पुडी रिकामी केली, काडीने सावकाश ढवळली आणि माझ्याकडे बसच्या आरशातून मागच्या बाकावरच्या कार्ट्याकडे बघावं तसं बघितलं. ‘तुम्ही सगळा भारत पाहिलाय?’

इथे मी अडकलो. सगळा भारत मी कुठे पाहिलाय! विदर्भ धड पाहिलेला नाही. ईशान्येला पाऊल टाकलेलं नाही. एखाद्या खोऱ्यात नहासपीमापेटिलॉनांची वस्ती नसेलच, असं शपथेवर कसं सांगू? मी गप्प बसल्यावर बुवा समाधानाने म्हणाले, ‘मूळ नाव एका लेखकाच्या शाळासोबत्याचं होतं. त्यावरून बेतलंय.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’

‘खात्री करून घेत होतो.’

मग वहीचं पान उलटलं. ‘अपू हे नाव मात्र सत्यजित राय यांच्या तीन चित्रपटांतलं. पाहिलेच असतील तुम्ही तिन्ही.’

‘अर्थात.’

हे मी का म्हणालो, देव जाणे. कॉलेजात फिल्म क्लबमध्ये ‘पथेर पांचाली’ लावला होता आणि रेल्वे येण्याआधी मला झोप लागली होती. उरलेले दोन तर मी झोपूनही पाहिलेले नाहीत. पण शेंगदाण्याचा घाव ताजा होता. देशाच्या वतीने आणखी एक प्रश्न चुकवायची हिंमत नव्हती.

‘तो रेल्वेचा प्रसंग कसा वाटतो तुम्हाला?’

‘अप्रतिम.’

‘मी एकही पाहिलेला नाही,’ बुवा शांतपणे म्हणाले. असं खरं बोलणाऱ्या माणसाचा फार राग येतो.

पुढचा विषय पाटी. १९९९ सालच्या एका भागात खेड्यातलं एक दुकान दिसतं. पाटी आहे ‘स्नीड्स फीड अँड सीड’, म्हणजे स्नीडचं चारा-बियाण्यांचं दुकान. खाली बारीक अक्षरांत : पूर्वीचे चक यांचे. बुवांनी पान माझ्यापुढे धरलं आणि माझ्या हसण्याची वाट पाहिली. मला हसू येईना. पिंपरीच्या बाजारात पाटीवर ‘पूर्वीचे अमुक’ असतंच, आणि पुण्यात तर खाली ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी तंबीही असते. त्याला कोण हसतं? तो माहितीचा भाग आहे.

‘यमक बघा,’ बुवा म्हणाले. ‘स्नीड, फीड, सीड. आता दुकान चकचं होतं तेव्हा...’ आणि थांबले. आमच्या मागे दोन लहान मुलं बिस्किटं खात उभी होती. ती जाईपर्यंत बुवांनी एक अक्षर उच्चारलं नाही. मुलांनी बिस्किटं बुडवून बुडवून खाल्ली. आम्ही दोन प्रौढ पुरुष हातात कागदी कप घेऊन त्यांच्या जाण्याची वाट बघत होतो. मधल्या वेळात मी मनात यमक जुळवत राहिलो. जुळलं, आणि कान गरम झाले.

‘मला पाच वर्षं लागली,’ बुवा कुजबुजले. ‘बस चालवताना सुचलं. गाडी बाजूला घ्यावी लागली.’

सगळ्यांचं असंच. या पंथात गावाच्या नावावरूनही वाद आहेत. स्प्रिंगफील्ड नेमकं कुठलं? आमच्यापासून तासाभरावर एक आहेच. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी २०१२ साली सांगून टाकलं की नाव ओरेगनमधल्या स्प्रिंगफील्डवरून घेतलं. तरी बुवा म्हणतात, तो नावाचा उगम झाला, गावाचा नाही. २००७ साली सिनेमा आला तेव्हा चौदा स्प्रिंगफील्डांत स्पर्धा लावली होती, जिंकलं व्हरमाँटचं. म्हणजे उद्या कोणी वडगाव नावाच्या गावावर मालिका काढावी आणि बुद्रुक, शेरी आणि मावळ यांनी एकमेकांवर धावून जावं. मी हे उदाहरण बुवांना दिलं. त्यांनी ‘वडगाव’ वहीत उतरवून घेतलं. कशासाठी, विचारायचं धाडस झालं नाही.

आता जरा न हसता.

मी इथे आलो तेव्हाची, २००४ ची गोष्ट. एका दुकानातून दूध घेऊन बाहेर पडलो तर दारात दोन पोरं उभी. एकाने वाकून, सूर लावून म्हटलं, ‘थँक यू, कम अगेन!’ मी खूश झालो. ‘नक्की येईन, थँक यू!’ म्हणालो. त्यांना इतकं हसू आलं की एकाला भिंत धरावी लागली. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की इथली मुलं किती अगत्यशील आहेत, आपल्याकडे कोण असं म्हणतं? तीन वर्षं मी हा किस्सा अमेरिकेच्या कौतुकाचा म्हणून सांगत होतो. आईलाही फोनवर सांगितला. मग एकदा टीव्हीवर अपू दिसला, गिऱ्हाइकाला तेच म्हणाला, त्याच सुरात. बुवांना पाटी कळायला पाच वर्षं लागली, मला माझी तीन.

तो आवाज हँक अझारिया या न्यूयॉर्कच्या गोऱ्या नटाचा. २०१७ साली यावर माहितीपट आला, वाद झाला, २०२० साली त्याने तो आवाज द्यायचं थांबवलं. आता अपू अधूनमधून मागच्या गर्दीत उभा दिसतो, बोलत नाही. त्या काळात ऑफिसात जेवायच्या वेळी लोक चेहरे पाडून मला विचारायचे, ‘तुला खूप त्रास झाला असेल ना?’ हो म्हटलं तर त्यांचा घास अडकणार, नाही म्हटलं तर मी खोटा. डबा गार व्हायचा. आधी सूर लावून चिडवायचे तेही मलाच, मग दुःख व्यक्त करायचे तेही माझ्याकडेच. मालिका मी लिहिली होती का? आणि एवढं सगळं झाल्यावर गुरुवारी पुन्हा कागद माझ्याकडेच सरकला.

असो. बुवांकडे वळतो, कारण माझी एकच चाल शिल्लक होती. त्यांनी पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. रबरी बटणांचा, सौर पट्टी असलेला, ‘८’ झिजून गेलेला. १९९५ सालच्या एका भागात होमरच्या मागे हवेत एक समीकरण तरंगतं : १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. फर्माचं शेवटचं प्रमेय सांगतं की दोनहून मोठ्या घातात पूर्णांकांचं असं कधीच होऊ शकत नाही. गणिती साडेतीनशे वर्षं झटले, तेव्हा कुठे अँड्र्यू वाइल्सने ते सिद्ध केलं होतं. बुवांनी बटणं दाबली. पडद्यावर नेमके १९२२. ‘बघा!’

मी बघितलं आणि पहिल्यांदा त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. ‘हे चूकच आहे. १७८२ सम, १८४१ विषम. घात कितीही करा, सम अधिक विषम म्हणजे विषमच. पण १९२२ तर सम. कॅल्क्युलेटरला दहाच आकडे दिसतात म्हणून तो फसतो.’

बुवांनी मान डोलावली. ‘तेव्हाही लोकांनी हेच पकडलं होतं. म्हणून १९९८ मध्ये दुसरं टाकलं.’ आणि पान उलटलं : ३९८७, ४३६५, ४४७२, सगळे बाराव्या घातात. विषम अधिक विषम बरोबर सम. फट बुजवलेली. मी कॉफी संपवली आणि कोट घातला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिचं शेंगदाण्यापाशीच अडलं. ‘चुकलं काय त्याचं? संकष्टीच्या खिचडीत दाण्याचं कूट मूठमूठ घालते मी. गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद तूच वाटायचास ना मंडळात?’ मी म्हटलं, प्रश्न तो नाहीये. ‘मग कुठला आहे?’ म्हणाली, आणि दिवा मालवला.

झोप लागेना. पावणेदोनला उठलो, किराण्याच्या पावतीच्या मागे ते तीन आकडे लिहिले. ३९८७ : अंकांची बेरीज २७. तीनने भाग जातो. ४३६५ : बेरीज १८. जातो. म्हणजे दोन्ही घातांच्या बेरजेलाही जायला हवा. आणि ४४७२? चार, चार, सात, दोन. सतरा. नाही जात! पावणेदोन वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी कोथिंबिरीच्या आणि दह्याच्या हिशेबामागे फर्माला सोडवला होता.

आज पुस्तक परत द्यायचं निमित्त करून वाचनालयात गेलो. बुवा खिडकीपाशी होते. पावती पुढे केली. त्यांनी चष्मा पुसला, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बेरीज केली, सतराशी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून केली. मग काही न बोलता वही उघडली, पावती चिकटपट्टीने आत लावली आणि पेन घेऊन विचारलं, ‘कोणाच्या नावाने लावू?’

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, खोडलं, एक एक अक्षर विचारत पुन्हा लिहिलं.

‘कुल-कर्णी. हे तरी तुमच्याकडे सर्रास असेल?’

‘सगळा भारत मी पाहिलेला नाही,’ मी म्हणालो.