विन्याचे महिन्याला ८ टक्के आणि नाक्यावरचं भांडण

विन्या काल नाक्यावर आला तो फोन पुढे करूनच. बघा, पाच तारीख, आठ हजार जमा, चौथा महिना. आणि वर बोलतो, आता आईच्या नावावरचा कॉर्पस, म्हणजे रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने दिलेले एकरकमी पैसे, ते पण त्या स्कीममध्ये टाकतो. तिथेच भांडण सुरू झालं. आतापर्यंत त्याचे स्वतःचे एक लाख होते, तो त्याचा प्रश्न होता, पण रिडेव्हलपमेंटचा कॉर्पस म्हणजे काकूंच्या म्हातारपणाचा आधार आहे, नवीन बिल्डिंगचा मेंटेनन्स त्याच्यातूनच भरायचाय. लालबाग परळमध्ये चाळी पडून टॉवर होतायत आणि जिथे कॉर्पसचे चेक वाटले जातात तिथे हे स्कीमवाले बरोबर पोचतात.

स्कीम काय, तर एक भाऊ शेअर ट्रेडिंग करतात, सॉफ्टवेअर लावलंय, एक लाख द्या, महिन्याला ८ टक्के घ्या, वर्षाने मुद्दल परत. स्टॅम्प पेपरवर अ‍ॅग्रीमेंट, पुढच्या तारखेचे चेक हातात. भाऊंनी मंडळाला वर्गणी दिली, दहीहंडीला पोरांना टी शर्ट दिले, सगळे ओळखतात.

विन्याचं म्हणणं एकच. पैसे वेळेवर येतायत ना, मग फ्रॉड कसा?

शुभा फोर्टला सीएच्या ऑफिसात आहे, ती बोलली, तू दिलेस एक लाख, चार महिन्यांत आले बत्तीस हजार, म्हणजे तुझेच अडुसष्ट हजार अजून त्याच्याकडे आहेत, यात त्याने कमावलेला एक रुपया तरी तुला दिसला का? साडेबारा महिने होईपर्यंत तो तुला तुझेच पैसे परत देऊ शकतो, एक शेअर न घेता. विन्या जरा गप्प झाला. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. लोक रेट बघून घाबरतात पण पहिला हप्ता आला की भीती जाते, आणि तो हप्ता भीती घालवायलाच दिलेला असतो. मग माणूस मोठी रक्कम टाकतो, बहिणीला सांगतो, ऑफिसात सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच पैसे मिळालेले असतात, म्हणून समोरच्याला पटतं.

सावंत मामा बँकेतून रिटायर झालेत. ते बोलले, हे निदान १९२० पासून असंच चाललंय. बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी नावाचा माणूस ४५ दिवसांत ५० टक्के देतो सांगायचा, धंदा काय तर पोस्टाची आंतरराष्ट्रीय रिप्लाय कुपनं एका देशात स्वस्तात घ्यायची, दुसऱ्या देशात जास्त किमतीच्या पोस्टाच्या तिकिटांवर बदलून घ्यायची. सुरुवातीला देत पण होता, लोक घ्यायचे नाहीत, परत त्यातच टाकायचे. मग क्लॅरेन्स बॅरन नावाच्या पत्रकाराने हिशोब मांडला, एवढ्या पैशासाठी १६ कोटी कुपनं लागतील आणि चलनात आहेत २७ हजारांच्या आसपास. मामा विन्याला बोलले, तू पण हाच प्रश्न विचार, धंदा आहे कुठे? ट्रेडिंगच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या पावत्या, बघितल्यास का, शेअर ठेवायचं डिमॅट खातं कुणाच्या नावावर आहे, कुठल्या ब्रोकरकडे?

विन्याने काहीच बघितलं नव्हतं. तो बोलला, मामा तुमची भिशी पण तशीच ना, एकाचे पैसे दुसऱ्याला. मामा चिडलेच. अरे भिशीत दहा जण दहा दहा हजार टाकतात, लाख जमतात, लाखच वाटले जातात, एक रुपया वाढवून देतो असं कोणी बोलत नाही. आणि मोठी रजिस्टर चिट फंड असेल तर १९८२ चा कायदा आहे. तुझा भाऊ कुठल्या कायद्यात बसतो ते सांग.

मग शुभाने फोनवर कॅल्क्युलेटर काढला. समज आज १०० जण आहेत एकेक लाखवाले आणि धंदा काहीच नाही. पहिल्या महिन्याचं व्याज आठ लाख, म्हणजे आठ नवीन माणसं पायजेत. पुढच्या महिन्यात १०८ जणांचं व्याज. असं दर महिन्याला ८ टक्क्यांनी वाढत गेलं तर वर्षाने अडीचशे माणसं, पाच वर्षांनी दहा हजार, दहा वर्षांनी दहा लाख, आणि हे भाऊंनी स्वतःसाठी एक रुपया नाही घेतला, एजंटला कमिशन नाही दिलं आणि कोणी मुद्दल मागितली नाही तर. मला वाटतं शाळेत चक्रवाढ शिकवताना हाच हिशोब शिकवायला पायजे.

यावर पक्या, जो आतापर्यंत नुसता चहा पीत होता, तो बोलला, मान्य, पडणारच आहे, पण लगेच नाही ना पडत, लवकर शिरायचं, दीड वर्षात डबल करून बाहेर. खरं सांगू का, विन्यापेक्षा मला पक्याचा जास्त राग आला. विन्या निदान खरं समजून पैसे टाकतोय. पक्याला माहितीये की त्याला मिळणारा पैसा मागून आलेल्या कोणाच्या तरी घरातला असणार, आणि तो कोणीतरी याच बिल्डिंगीतला असणार. आणि बाहेर पडायची तारीख आपल्याला कोण सांगणार? जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीच्या शोरूमसमोर पैसे बुडालेल्यांची गर्दी झाली ती आपण सगळ्यांनी बघितली, दर आठवड्याला पैसे येत होते, मग बंद. त्यात दादर मार्केटचे भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते. शोरूम उघडून वर्ष पण झालं नव्हतं. शुभा बोलली, आणि बाहेर पडलास म्हणजे सुटलास असं पण नाही, अमेरिकेत बर्नी मॅडॉफ नावाच्या माणसाची अशीच स्कीम २००८ ला फुटली तेव्हा ज्यांनी टाकल्यापेक्षा जास्त काढले होते त्यांच्यावर वरचे पैसे परत मागायला केस झाल्या.

विन्याला माणसामागे ३ टक्के कमिशन पण ऑफर आहे. इथे मामांनी आवाज चढवला. २०१९ चा नियमात न बसणाऱ्या ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे, त्यात पैसे घेणं तर गुन्हा आहेच पण खोटं सांगून लोकांना आत ओढणं पण गुन्हा आहे. तळमजल्यावरच्या वहिनींना तू सांगितलंस तर उद्या त्या भाऊंकडे नाही, तुझ्या दारात येणार.

विन्या कागदांवर आला. कंपनी रजिस्टर आहे, जीएसटी नंबर आहे, चेक आहेत. मामा बोलले, अरे कंपनी कोणीही रजिस्टर करतो, त्याने लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. खात्यात पैसे नसले तर चेक घेऊन कोर्टात फिरायचं. आणि दुसऱ्याचे पैसे घेऊन ट्रेडिंग करायचं तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते, तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाचे कमीत कमी ५० लाख लागतात आणि रिटर्नची गॅरंटी देताच येत नाही. म्हणजे एक लाख घेऊन फिक्स ८ टक्के बोलला तिथेच तो नियमाच्या बाहेर आहे, पुढे काही तपासायची गरज नाही. तरी तपासायचं तर सेबीच्या साइटवर नोंदणी बघता येते, रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार पण करता येते. मी एवढंच विचारलं, महिन्याला ८ टक्क्यांहून जास्त कमावणारा माणूस बँकेकडून वर्षाला १४ टक्क्यांनी लोन का घेत नाही, आपल्या चाळीत का येतो?

काकूंच्या कॉर्पससाठी मामांनी सरळ पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम सांगितली, सध्या ८.२ टक्के, वर्षाला. विन्या बोलला हे काय, एवढंसं. पण खरा रेट तेवढाच असतो रे, सरकारी हमी असलेला.

शेवटी शुभा बोलली, वाद नको, आत्ता मेसेज टाक, घरात अडचण आहे, मुद्दल परत पायजे. विन्याने आमच्यासमोर टाकला. दहा मिनिटांत उत्तर, लॉक-इन आहे, वर्षाआधी निघणार नाही, आणि पुढच्या महिन्यापासून जुन्या मेंबरना १० टक्के, तेव्हा अजून टाका.

पक्या पण काही बोलला नाही. विन्या बोलला, अजून दोन महिने बघतो, निदान अर्धे तरी सुटतील. मामा बोलले, नाही. आत्ता आर्थिक गुन्हे शाखेत गेलास तर खात्यात काहीतरी असेल, महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांचा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते आणि त्यातूनच सगळ्यांना मिळतं. दोन महिन्यांनी जप्त करायला काय राहील? जमिनीच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स कंपनीचं बघ, सेबीने २०१४ मध्ये ४९,१०० कोटी परत करा सांगितलं आणि लोक वर्षानुवर्षं रिफंडसाठी फॉर्म भरत बसले. शुभाने त्याच्याकडून अ‍ॅग्रीमेंट, चारही महिन्यांच्या बँक एंट्री आणि तो मेसेज, सगळं मागून घेतलं. सोमवारी ती आणि मामा त्याच्यासोबत जाणार आहेत, तळमजल्यावरच्या वहिनींशी मी बोलणार आहे.