बंब आला, पण हुकूम कुणाचा?

एप्रिलमधला अग्निशमन सप्ताह. सोसायटीत प्रात्यक्षिक झालं. सिलिंडर पेटवला, विझवला, फोटो निघाले. संध्याकाळी कट्ट्यावर तोच विषय, आणि नानाने नेहमीप्रमाणे गाडी थेट स्कॉटलंडला नेली.

"एडिंबरा, १८२४. तोवर आगीचे बंब विमा कंपन्यांचे, ज्याची त्याची पलटण वेगळी. शहराने सगळ्यांचं मिळून एक दल केलं आणि प्रमुख नेमला जेम्स ब्रेडवूड. वय २४."

"चोवीस? वशिल्याचं तट्टू असणार," वकील म्हणाला.

"सुताराचं पोर होतं. बापाचा फर्निचरचा धंदा, हा इमारतींची मापं काढायला शिकलेला. आणि माणसं कोण घेतली? कौलं घालणारे, सुतार, गवंडी, लोहार, प्लंबर."

प्लंबर म्हटल्यावर आमचा बंड्या सावरून बसला. त्याचा धंदाच तो. "बरोबरच आहे. छपरावर कुठं पाय ठेवायचा हे कौलवाल्यालाच कळणार. बाबू लोक चढवून बघा."

"चढले तरी उपयोग काय झाला?" वकिलाने मुद्दा धरला. "दल उभं राहून महिना-दीड महिना झाला नाही तोच १५ नोव्हेंबरच्या रात्री हाय स्ट्रीटलगतच्या गल्लीत, एका नक्षीकाम करणाऱ्याच्या कारखान्यात आग लागली. मग दिवसच्या दिवस जळत राहिलं. ट्रॉन चर्चचा कळस गेला. शेकडो कुटुंबं रस्त्यावर. पहिल्याच परीक्षेत नापास!"

इथे मीही वकिलाकडे झुकलो होतो, कबूल करतो. पण नाना उठून उभाच राहिला. जुन्या एडिंबराच्या गल्ल्या कशा, ते हात पसरून दाखवायला लागला. दोन्ही तळवे भिंतींना टेकतील एवढी बोळं आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ, दहा-दहा मजले. बंब म्हणजे चाकांवरची पाण्याची टाकी, दोन्हीकडे लांब दांडे, आठ-दहा जणांनी वर-खाली हाणायचे. तो बोळात घालायचा कसा? आणि आधी पाणी तरी यायला हवं ना!

"आणि त्यात," नाना म्हणाला, "जो येईल तो हुकूम सोडायचा. मॅजिस्ट्रेट वेगळं सांगणार, दुसरा साहेब वेगळं. ब्रेडवूडचं ऐकायचं की साहेबांचं?"

बंड्या खदखदून हसला. "अरे, आमच्या गल्लीतली पाइपलाइन फुटली तेव्हा हेच! नगरसेवकाचा माणूस म्हणतो इकडे खणा, चेअरमन म्हणतो तिकडे. मी पाना हातात घेऊन उभा."

"म्हणजे अपयश झाकायला साहेबांवर ढकलायचं," वकील चिवटच. "चौकशीत काय निघालं ते बोल."

"तेच निघालं! त्यानंतर ठरलं की आगीच्या जागी बंबाच्या प्रमुखाचा शब्द शेवटचा. मोठ्यातल्या मोठ्यानेही मध्ये पडायचं नाही."

वकील गप्प. खरं तर तो गप्प बसत नसतो. मग नानाने पुढचं सांगितलं, ते मला जास्त आवडलं. आठवड्यातून एकदा पहाटे ४ वाजता कवायत. अंधारात, म्हणजे रात्री खरी आग लागली की हात चाचपडायला नकोत. रस्त्यावरून नुसतं पाणी फेकायचं नाही, आत शिरायचं, आगीच्या मुळाशी. धुरात जमिनीलगत तोंड ठेवून सरपटायचं, तिथे हवा बरी असते. बंड्या लगेच कट्ट्यावर पालथा झोपून बघायला निघाला. चहावाल्याने त्याला उठवलं.

"मग हा तुझा ब्रेडवूड तिथेच राहिला?"

"छे. १८३३ मध्ये लंडनने उचलला. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली तेव्हा साठीला टेकलेला माणूस माणसांमध्ये उभा होता. भिंत अंगावर आली. तिथेच गेला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वकिलाने विचारलं, "साठीतही आत कशाला जायचं? प्रमुख ना तो?"

"तू कधी प्लंबिंग केलंयस का?" बंड्या म्हणाला.

चहाचे पैसे त्या दिवशी वकिलाने दिले. हरलो म्हणून नाही, सुट्टे होते म्हणून, असं त्याचं म्हणणं आहे.