चोख कागद, चोरलेली ओळख

२०१० मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी टेक्सासमध्ये एका विवाहितेने आत्महत्या केली. तिच्या मागे घरात सापडलेली कुलूपबंद पेटी उघडली तेव्हा सासरच्यांना कळले की, ज्या नावाने तिने वीस-बावीस वर्षे आयुष्य काढले त्याचा पायाच उसना होता. १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका घराला आग लागून दोन वर्षांची मुलगी दगावली होती. १९८८ मध्ये या बाईने त्या मुलीचा जन्मदाखला कॅलिफोर्नियातून मिळवला, त्यावर आयडाहोमध्ये ओळखपत्र काढले आणि मग डॅलसच्या न्यायालयात रीतसर अर्ज करून नाव पुन्हा बदलून घेतले. पुढे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देते तो, आपल्या आधारसारखा वापरला जाणारा क्रमांक), विद्यापीठाची पदवी, लग्न, मूल, सारे काही त्याच कागदांवर झाले.

मूळची कोल्हापूरची असून आता टेक्सासमध्येच राहत असल्यामुळे महाराष्ट्रातील जन्मदाखल्यांचा वाद वाचताना हे प्रकरण मला वारंवार आठवते. उशिरा नोंदवलेल्या जन्मांचे दाखले खोटे असल्याचे आरोप २०२५ मध्ये झाले आणि शासनाने त्या नोंदींचे नियम कडक केले. खोटा दाखला देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण 'कागद नाही म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे' हे वाक्य आमच्या कोल्हापूरकर स्नेह्यांच्याही तोंडी सहज येऊ लागले आहे, आणि ते मला पटत नाही.

टेक्सासच्या त्या बाईचा एकही दाखला छापील बनावट नव्हता. जन्माची नोंद एका राज्यात होती, मृत्यूची दुसऱ्या राज्यात, आणि ही मुलगी आता नाही असा शेरा जन्माच्या नोंदीवर कोणी मारलाच नाही. जन्मतःच सोशल सिक्युरिटी क्रमांक देण्याची पद्धत अमेरिकेत देशभर सुरू झाली ती १९८९ च्या सुमारास. त्यामुळे विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीने १९८८ मध्ये पहिल्यांदा क्रमांक मागितला, यात कोणत्याही कारकुनाला वावगे वाटले नाही. आपल्याकडे मृतांचे दोन कोटींहून अधिक आधार क्रमांक बंद केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. भोक आहे ते इथे, मृत्यूच्या नोंदीपाशी. झडती मात्र होते ती जिवंत माणसांची, आणि त्यातही बायकांची.

माझी आत्या राधानगरी तालुक्यातली. जुन्या जन्मनोंदीत वडिलांच्या नावापुढे फक्त 'मुलगी' एवढेच लिहिलेले आहे. शाळेच्या दाखल्यावर ती सुशीला आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मालती असे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून ती मालती झाली. रेशन कार्डावर आणि आधारवरही तेच नाव लागले. विवाहाची नोंद करण्याची रीत तिच्या पिढीत गावाकडे नव्हती. आता सुशीला म्हणजेच मालती हे सिद्ध करण्यासाठी तिने तहसील कचेरीत किती खेटे घालायचे? लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला तेव्हा विधवा आणि परित्यक्ता बायकांची अशीच कोंडी झाली आणि शासनाला त्यातून वाट काढावी लागली. ज्यांची नावे समाजाने रीत म्हणून बदलली, त्यांच्याकडेच आता न जुळणाऱ्या नावांचा जाब मागितला जातो.

अमेरिकेतल्या काटेकोर व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्या बाईने आईवडील वारल्याचे सासरी सांगितले होते, तिला ओळखणारे जुने माणूस आसपास एकही नव्हते, म्हणून केवळ कागदांवर तिचे निभावले. खरी ओळख पटायला २०१६ उजाडले, तीही डीएनए जुळवत दूरच्या नातलगांपर्यंत पोचल्यावर. पेनसिल्व्हेनियातून अठराव्या वर्षी घर सोडून गेलेली ती मुलगी होती. घर का सोडले असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. आज कौटुंबिक छळातून सुटू पाहणाऱ्या स्त्रीला इथे अमेरिकेत नवा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकतो आणि टेक्सासमध्ये पत्ता गोपनीय ठेवण्याचीही सोय आहे. आपल्याकडे नाव बदलले की राजपत्रात जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी छापले जाते. छळातून पळालेल्या बाईने तिथे अर्ज करायचा तरी कसा?

आत्याला मात्र सासर-माहेरच्या दोन्ही गावांतली माणसे ओळखतात. तलाठी आणि पोलीस पाटलांनी गावात चौकशी करावी, भावकीचे आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, आणि विवाहाचा दाखला नसलेल्या बायकांसाठी तो पंचनामा दोन नावे जोडणारा पुरावा म्हणून धरावा. त्याच वेळी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंदवलेला प्रत्येक मृत्यू त्या व्यक्तीच्या जन्माच्या नोंदीवर चढवण्याची सक्ती करावी, मग तो जन्म दुसऱ्या जिल्ह्यातला असो वा दुसऱ्या राज्यातला.